मेण सुकेपर्यंत

आपल्या गाडीच्या मागच्या दारापाशी कुणी अनोळखी मनुष्य उकिडवा बसून पत्र्यावरून नख फिरवतो आहे, हे दृश्य कोणत्याही गाडीच्या मालकिणीला सुखावणारे नसते. तिलाही ते सुखावले नाही. बसच्या कचेरीत दिवसभर वेळापत्रके जुळवून तिचे डोके आधीच भणभणत होते, आणि आता हे!

"काय चाललंय हे?"

तो सावकाश उभा राहिला. वाहनतळाच्या भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बोट करत म्हणाला, "माझं हँडल लागलं. चूक सर्वस्वी माझी. पण नख अडकत नाहीये... म्हणजे ओरखडा वरवरचा आहे. निघेल."

"आणि अडकलं असतं तर?"

"तर ही चिठ्ठी ठेवून पळ काढला असता."

चिठ्ठीवर त्याने कामाच्या जागेचा पूर्ण पत्ता लिहून ठेवला होता. समोरच्याच रस्त्यावर चष्म्याच्या काचा घासण्याचा कारखाना होता, तिथे तो कारागीर होता. तिच्यासाठी पाऊण तास ताटकळला होता. माणसाची पारख चूक घडल्यानंतरच्या पाऊण तासात होते. त्या हिशेबाने तो पहिल्याच भेटीत उत्तीर्ण झाला होता. अर्थात, तसे कबूल करण्याइतकी ती भोळी नव्हती.

"रविवारी येऊन काढून देतो. पण रागावणार नसाल, तर एक बोलू?" त्याने गाडीभोवती नजर फिरवली. "एवढाच ओरखडा काढला, तर बाकीची गाडी लाजेल हो."

"दर आठवड्याला धुते मी!"

"धुता. पण केर काढणं निराळं आणि घर आवरणं निराळं."

तिचा संताप झाला, आणि त्या संतापातच तिला दिसले की त्याचे म्हणणे खरे आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेली ही तिची पहिली गाडी. स्वतःची, कुणाकडून मागून न आणलेली. आणि आजवर तिने तिला एकदाही मनासारखे नखशिखांत साफ केले नव्हते.

"मग सगळीच करू," ती म्हणाली. "रीतसर. आधी आखणी करून."

आखणी हा तिचा धर्मच होता. कोणती बस कुठून किती वाजता सुटेल आणि किती वाजता परतेल, हे ठरवण्यात तिचे दिवस जात. रिकामा रकाना तिला पायात रुतलेल्या काट्यासारखा सलत असे. पहिल्या रविवारी तो विजेरी घेऊन तिच्या इमारतीच्या अंगणात आला, तेव्हा तिच्या वहीची चार पाने भरलेली होती. त्याने तिरपा उजेड पाडून एकेक ओरखडा दाखवावा, आणि तिने त्यावर नख फिरवून पाहावे. नख अडकले तर पिवळी चिकटपट्टी, नाही अडकले तर निळी. तासाभरात गाडी गोवर आल्यासारखी दिसू लागली.

"हलक्या हातानं," तो म्हणाला. "नखाला जोर दिलात, तर नवाच ओरखडा पडेल."

"शिकवू नका. माझा हात हलकाच आहे."

"दिसतोय..." तो म्हणाला, आणि विजेरीचा झोत पत्र्यावर पडण्याऐवजी क्षणभर तिच्या बोटांवर रेंगाळला.

दुसऱ्या रविवारी दोन बादल्यांचा विषय निघाला: एक साबणाच्या पाण्याची, दुसरी नुसत्या पाण्याची, म्हणजे धुतलेली माती पुन्हा पत्र्यावर जायला नको. तिची आत्या, जिने तीस वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून काढली होती आणि जिच्यापुढे भलेभले शल्यविशारद चळचळा कापत, सज्जातून ऐकत होती.

"कळतं की रे तुला!" ती वरूनच म्हणाली. "स्वच्छ आणि अस्वच्छ वेगळं ठेवायचं. वर ये, चहा घे. हात मात्र कोपरापर्यंत धुवून."

चहा पिता पिता त्याने वही चाळली. "सात वाजता चाकं. सात चाळीसला अंग धुणं. साडेआठला चिकणमातीची वडी फिरवून पत्र्यात रुतलेले कण काढणं. मग पट्ट्या, मग पॉलिश, मग मेण... वेळापत्रकबाई, यात मेण सुकायला वेळच नाही."

"तेवढ्यात काचा पुसू."

"अंहं. मेण लावल्यावर वीस मिनिटं काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसून काय करायचं असतं?"

"ते त्या दिवशी सांगतो," तो म्हणाला. आत्या कपात बघून हसली.

तिसऱ्या रविवारी प्रत्यक्ष काम व्हायचे होते. पण शनिवारी संध्याकाळी तिच्या कचेरीच्या वाहनतळाच्या फाटकापाशी त्याने सायकल थांबवली आणि घंटी वाजवण्याच्या चाळ्यात बोलून टाकले: दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात त्याला मुख्य कारागिराची जागा मिळाली होती. साडेतीन तासांचे अंतर. महिनाअखेरीस रुजू व्हायचे.

"अरे वा! अभिनंदन," ती म्हणाली. फार चटकन म्हणाली.

त्या क्षणापासून तिचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. गाडी झाली की संपले. मग त्याला यायला निमित्त कोणते? तिने रात्रीतून आखणी वाढवली. आसनांच्या खोळी काढून धुवायच्या, म्हणून एक रविवार पुढे. खास मऊ ब्रश मागवायचा, म्हणून आणखी एक रविवार. कचेरीत तिने सात नंबरच्या दोन बसगाड्या एकाच वेळी एकाच थांब्यावर आणून उभ्या केल्या. सहा वर्षांत असा प्रमाद घडला नव्हता. फोन वाजला की धावत जाई, आणि फोन विमावाल्याचा निघे.

आत्याने वही उघडली. "बूच, झाकणं, डिकीतला पाना... गाडी धुते आहेस की तिचं लग्न लावते आहेस?"

"नीट व्हायला हवं, आत्या."

"शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहिलं की रोग बरा होत नाही, पोरी. सुरी हाती घेऊन आम्ही कधी वही चाळली नाही."

त्या संध्याकाळी ती दार लावून बसली आणि वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहीत राहिली, खोडत राहिली.

"या रविवारी नाही झालं, तर मी नसेन," त्याने फोनवर सांगितले. आवाज नेहमीसारखा खेळकर नव्हता.

रविवार उजाडला. इमारतीची सावली साडेअकरापर्यंत अंगणात टिकत असे, आणि उन्हात पॉलिश करू नये हे त्याने तिला तीनदा बजावले होते. चाके झाली, अंग धुऊन झाले, पाण्याच्या फवाऱ्यात दोघेही अर्धे भिजले. चिकणवडी फिरवून झालेल्या पत्र्यावर तिने तळवा ठेवला. तो काचेवरून सरकावा तसा सरकला आणि नेमका त्याच्या तळव्यापाशी येऊन थांबला. दोघांनीही हात काढला नाही... मग एकदमच काढला.

पॉलिश लागू नये म्हणून दिव्यांना आणि रबराच्या कडांना पट्ट्या लागल्या. खुणेची एकेक पट्टी सोलत पॉलिश झाले, मेण लागले. गाडीवर पांढुरकी साय धरली.

"वीस मिनिटं," तो म्हणाला, आणि उलट्या बादलीवर बसला.

तिला बसवेना. एक मिनिट गेले. दोन गेली. "निदान पट्ट्या तरी काढते," म्हणत ती गाडीभोवती फिरू लागली. दिव्यांच्या काढल्या, रबराच्या काढल्या. डाव्या मागच्या दाराशी आली, आणि थबकली. तिथे एक निळी पट्टी अजून तशीच होती; भोवताली मेण लावलेले, ती जागा मात्र वगळलेली. तिने पट्टी सोलली. खाली पहिल्या दिवसाचा ओरखडा होता. जसाच्या तसा.

"हा... राहिला."

"राहिला नाही. ठेवला."

"पाच मिनिटांचं काम होतं!"

"म्हणून तर ठेवला." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "काम अर्धवट टाकून जाणारा माणूस नाही मी. हा असेपर्यंत मला परत यावं लागेल. नुसतं बसून काय करायचं ते विचारलं होतंत ना? हे सांगायचं होतं. महिनाभर हँडलला शिव्या घातल्या... आता पुरेशा झाल्या. ते लागलं नसतं, तर मी इथे नसतो."

तिने वही उचलली, शेवटचे पान फाडले आणि त्याच्या हातात दिले.

ते वेळापत्रक होते. सुबक, रेघा मारलेले. 'दर शनिवार. सुटणे: दुपारी दोन दहा. टोलनाका: तीन पाच. चहासाठी थांबा: वीस मिनिटे. पोहोचणे: सहा.' सबंध वर्षाचे शनिवार ओळीने मांडलेले होते, आणि वर वाहन म्हणून तिच्या गाडीचा क्रमांक होता.

त्याने ते दोनदा वाचले. मग बोट उजवीकडच्या रकान्यावर नेले. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"परतीची वेळ लिहिली नाहीत."

"बसवून पाहिली," ती हळूच म्हणाली. "बसेना. एक संध्याकाळ राहून परतायची बसवली. दोन दिवस राहून परतायची बसवली. कोणतीही वेळ... लवकर वाटते."

तो उठला. तिच्या कानामागची पेन्सिल त्याने अलगद काढून घेतली, कोऱ्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत, रद्द झालेल्या फेरीवर ओढतात तशी, एकच सरळ रेघ ओढली, आणि पेन्सिल पुन्हा होती तिथे खोचली. बोटे मात्र तिथेच, तिच्या ओल्या केसांपाशी थांबली.

"अरे, वीस मिनिटं केव्हाच झाली!" सज्जातून आत्याचा खणखणीत आवाज आला. "मेण कडक झालं तर दिवसभर घासत बसाल दोघं!"

"बसू!" ती ओरडून म्हणाली, आणि जागची हलली नाही.