दोरीवरचा चिमटा

"दोन डोळे तुझे, दोन टिटवीचे. चार डोळ्यांना एक तार दिसली नाही?" किमयाने विचारलं.

"दिसली गं," हेमांगी मावशी म्हणाली. "पण लांब वाटली. तिथंच घोळ झाला."

मावशी हेलिकॉप्टर चालवायची. दऱ्याडोंगरांतून गेलेल्या विजेच्या तारांना अगदी खेटून उडायचं आणि कुठे काय तुटलंय, तडकलंय ते शोधायचं. मागच्या सीटवर टिटवी, म्हणजे तिची यंत्रमानव. तिच्या डोक्यात शेजारी शेजारी दोन कॅमेरे. काल तपासणी चालू असताना एक दुसरीच तार समोर आडवी आली. मावशीने अगदी शेवटच्या क्षणी हेलिकॉप्टर वर खेचलं, म्हणून आज ती गच्चीवर बसून चहा पीत होती.

मावशीचे साहेब म्हणाले, "डोळे उघडे ठेवायचे होते. उड्डाण बंद!"

झालं! मुलांनो, चूक कशी झाली हे शोधायला डोकं लागतं. माणसाला घरी बसवायला नुसती खुर्ची पुरते.

"टिटवे, तू अंतर कसं ओळखतेस?" किमयाने शेजारी बसलेल्या टिटवीला विचारलं.

"तुझ्यासारखंच. नाकासमोर बोट धर. एकदा डावा डोळा मीट, एकदा उजवा."

बोटाने इकडून तिकडे उडी मारली. हात लांब केल्यावर उडी लहान झाली.

"याला पराशय म्हणतात (दोन जागांवरून पाहिलं की वस्तू सरकल्यासारखी दिसणं). उडी मोठी, तर वस्तू जवळ. तुझा मेंदू हा हिशेब गुपचूप करत असतो."

समोर कपडे वाळत घालायची दोरी होती. किमयाने तिच्याकडे बघत डोळे मिचकावले. "ही उडीच मारत नाही!"

"मारते की. पण दोरी आडवी, उडीही आडवी. दोरी दोरीवरच सरकते. मग लांब की जवळ, कळणार कसं?"

मावशीने कप खाली ठेवला. "आणि हे आम्हाला कुणी शिकवलं नाही?" त्यापुढे ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

किमया दोरीच्या कडेकडेने सरकत शेवटच्या चिमट्यापाशी पोचली. डोळे मिचकावले. चिमटा टुणकन उडाला!

"मावशी, तारेला चिमटे लावा!"

"काही ठिकाणी केशरी गोळे लावतात खरे. आपल्या दरीत नाहीत."

"मग तोवर?" किमयाने मान खांद्यावर टेकवून पुन्हा डोळे मिचकावले. डोळे एकाखाली एक आले, आणि दोरी वर-खाली उड्या मारू लागली. "टिटवे, तूही मान वाकडी कर!"

दुसऱ्या दिवशी मावशीने साहेबांनाच गच्चीवर आणलं. "साहेब, मान वाकडी करा आणि दोरीकडे बघत एकेक डोळा मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"करा हो काका," किमया म्हणाली.

साहेबांनी केली. मग सरळ केली. पुन्हा वाकडी केली. "अरेच्चा!" "हेमांगीबाई, चुकलं माझं. आधी टिटवीचे डोळे बदला, मग उडा."

टिटवीचे कॅमेरे एकाखाली एक बसले. पहिल्या उड्डाणाला किमया खाली वायरलेसला कान लावून बसली होती. तेवढ्यात टिटवी ओरडली, "आडवी तार! जवळ आहे! वर!"

घरघर चढत गेली. मग मावशीचा आवाज आला, "गेलो गं वरून. आरामात."

काही आठवड्यांनी त्याच वायरलेसवर मावशी हसत म्हणाली, "किमे, दरीतल्या तारेला पहिला केशरी चिमटा लागलाय. माझ्या साध्या डोळ्यांनाही कळतंय, किती लांब आहे ते."