बोट हलवू नका

राखी आडे नेमकं कसलं काम करते, हे तांड्यात कुणालाच धड सांगता येत नसे. तिनं स्वतः सांगून पाहिलं होतं. लॅपटॉपवर बोट फिरवायची सपाट जागा असते, ती टचपॅड. तिच्याखाली तारांची बारीक जाळी. बोट टेकलं की जाळीत आकडे चढतात. पण ते घामाच्या थेंबानं चढतात, चार्जरच्या खराब विजेनं चढतात, तळहात नुसता जवळ आला तरी चढतात. त्यातून खरं बोट ओळखायचं आणि बाकीचं फेकायचं, असा प्रोग्राम, म्हणजे फिल्टर, राखी लिहायची.

"म्हंजे पाखडतं तू," तिची याडी सुखीबाई म्हणाली होती आणि विषय तिथेच मिटवला होता. याडी म्हणजे आई. राखीला त्याहून सोपं करून सांगायला आजवर जमलेलं नाही.

सुखीबाईला जाऊन आठ महिने झाले होते. बाप, धावजी, एकटा पडला म्हणून राखी पुण्याची खोली सोडून घरूनच काम करत होती. तांडा मारेगावहून सात किलोमीटर, चहूकडे कपाशी. घर दोन खोल्यांचं, पण पुढचं दार असं ऐसपैस, की पाहुणे हटकून विचारत, इथे ट्रॅक्टर ठेवता काय? धावजींनी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेल्या बायकोला सरळ आत येता यावं, म्हणून. त्याच खोलीत, खिडकीपाशी, राखीचं टेबल होतं.

एका नव्या लॅपटॉपचा पॉइंटर आपोआप सरकतो, अशा तक्रारी आल्या होत्या. पियूष सरांनी, म्हणजे तिच्या पुण्यातल्या वरिष्ठांनी, तो लॅपटॉप कुरियरनं धाडला होता. सोमवारी फोनवर ते जरा अवघडूनच बोलले. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फिल्टर हवा, राखी. नाही जमला तर तुझं घरून काम करणं मला वरती पटवता येणार नाही."

घरून काम गेलं तर पुणं, आणि पुणं म्हणजे बा इथे एकटा. एक दिवसाआड स्वयंपाक करणारा, औषधं विसरणारा.

तिनं कंबर कसली. टचपॅडला काय काय जाणवतं याची ओळ न् ओळ नोंदवणारा लॉग सुरू केला. बहुतेक सगळा अपेक्षेप्रमाणे कचराच होता. क्षणभर उमटून विझणारे, इकडेतिकडे विखुरलेले आकडे. एकच नोंद त्यात बसेना. चार वाजता, डाव्या खालच्या कोपऱ्यात, अकरा. जिवंत बोटाचा आकडा साठ-सत्तर असतो. ते अकरा तब्बल चाळीस सेकंद तिथेच होतं. जराही हललं नाही.

मंगळवारी तिनं चार्जर काढून ठेवला, टचपॅड कोरड्या फडक्यानं पुसला आणि हात मांडीवर ठेवून बसली. चार वाजता, त्याच कोपऱ्यात, अकरा.

बुधवारी तिनं त्या आकड्यांचा आकार काढून पाहिला. बोट टेकलं की लांबट गोल उमटतो. हा गोल एका बाजूनं सरळ कापलेला होता.

अंगणात धावजी वाळलेल्या शेंगा सोलत होते. राखी दारात जाऊन उभी राहिली.

"बा, याडीचं कोणतं बोट कापलं होतं?"

"उजव्या हाताचं. अंगठ्याजवळचं. इळा लागलता, तुह्या जन्माच्या आधी." ते शेंग सोलायचे थांबले. "काहून?"

"असंच."

सुखीबाईचं कोणतंच बोट कोणत्याच मशीनवर उठत नसे. चाळीस वर्षं कापूस वेचून बोटांवरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातला देवीलाल माणूस भला, पण तो तरी काय करणार? "बोट हलवू नका काकी, दाबून ठेवा," म्हणायचा. सुखीबाई श्वाससुद्धा रोखून धरायची. मग मशीन लाल व्हायचं आणि देवीलाल म्हणायचा, "बाजूले थांबा थोडं." बाजूला, भिंतीलगत, अशाच बायांची दुसरी रांग असायची. जमनीकाकी, जिचा अंगठा कुऱ्हाडीच्या घावानं मधोमध दुभंगलेला होता, ती तर त्या रांगेची पाटलीणच. दोन वर्षांमागे तीही गेली.

राखी सुट्टीत आली, की सुखीबाई चार वाजता शेतातून येऊन तिच्या डाव्या हाताला बसायची. टचपॅडच्या कोपऱ्यात हळूच बोट ठेवायची आणि मुळीच हलवायची नाही. पॉइंटर जागचा हलायचा नाही.

"यालेबी माह्यं बोट दिसत नाही का वं?"

"दिसंल. तुह्यं बोट वळखणारी मशीन मी बनवीन, याडी."

"बनव मंग. थांबीन मी."

राखी हे साफ विसरली होती. आता आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. जन्मभर फेकलेल्या बोटाची ती लेक, आणि पगार घेत होती बोटं फेकण्याचा.

शुक्रवारी दुपारी फिल्टर तयार झाला. नियम तीनच. क्षणभराचं असेल तर फेक. विखुरलेलं असेल तर फेक. मंद आणि स्थिर असेल तर फेक.

चार वाजले. कोपऱ्यात अकरा उमटलं. लगेच पुढची ओळ आली: फेकलं.

पुन्हा अकरा. फेकलं.

पुन्हा. बोट तक्रार करत नव्हतं. उचलून पुन्हा तिथेच ठेवलं जात होतं, तेवढंच.

राखीला बघवेना. तिनं तिसऱ्या नियमातला 'फेक' खोडला आणि 'थांब' लिहिलं. मंद बोट हलेपर्यंत थांब, हललं की खरं मान. म्हाताऱ्या माणसांची कोरडी बोटं अशीच असतात, तक्रारी मिटवायला पहिले दोन नियम पुरेत, असं तिनं स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण तिनं केलं ते त्यासाठी नव्हे.

अकरा.

तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"याडी," ती म्हणाली, "हलव बोट. आता हलवलं तर चालते."

काहीच झालं नाही.

मग पॉइंटर बोटभर सरकला. थबकला. आणि अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे, सगळा पडदा ओलांडून गेला.

राखीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "उठलं," ती म्हणाली. "उठलं वं याडी."

अकरा गेलं. कोपरा रिकामा झाला.

तिनं डोळे पुसले, फिल्टर पाठवून दिला. पाऊण तासानं पियूष सरांचा निरोप आला. सगळ्या चाचण्या पास, तिथूनच काम करत राहा. जिवात जीव आला. आता बाला सोडून कुठे जायचं नव्हतं. ती लॅपटॉप मिटायला गेली.

लॉगमध्ये नवी ओळ आली होती.

तोच कोपरा. आकडा नऊ. आकार मधोमध दुभंगलेला.

ते स्थिर होतं. वाट बघत होतं.

राखीचा हात झाकणावरच राहिला. मग तिनं झाकण पुन्हा पूर्ण उघडलं आणि ती पुटपुटली, "हलवा, काकी."

ते हललं आणि गेलं. मग दुसरं आलं, बारीकसं. ते तिच्या ओळखीचं नव्हतं. मग तिसरं. एक उचललं गेलं की जरासा खंड पडायचा, माणसाला एक पाऊल पुढे यायला लागतो तेवढाच, आणि पुढचं टेकायचं. बाहेर कपाशीवर पिवळं ऊन उतरलं होतं. राखी प्रत्येकाला तेच सांगत होती, हलवा, चालते. सव्वापाच झाले तरी बोटं येतच होती.

धावजी दोन कप चहा घेऊन दारात आले आणि थबकले. त्या ऐसपैस दारातून ते अंग चोरून, तिरके होऊन, कप डोक्याच्या वर धरून आत आले. भिंतीला पाठ घासत, पाऊल बघून टाकत टेबलापर्यंत पोचले.

"कायले असे आले, बा?"

धावजींनी वळून रिकाम्या दाराकडे पाहिलं. त्यांनाही नवल वाटलेलं दिसलं.

"काय की," ते म्हणाले. "कोनाच्या पायावर पाय नको पडाले."