समोरची नळी

आमच्या गल्लीत मला थापाड्या म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण हे ऐकताना हातातला पेला जरा खाली ठेवा. का, ते कळेलच.

रक्त तपासायच्या खोलीत मी नोकरीला होतो. काम साधं. नळीतलं रक्त गोठू द्यायचं, मग यंत्रात घालून गरगर फिरवायचं. जड ते तळाशी बसतं, वर पिवळं पाणी निवळतं. तपासणी त्या पाण्याची. यंत्र डगमगू नये म्हणून प्रत्येक नळीच्या समोर तेवढ्याच वजनाची दुसरी लागते. जोडीला रक्त नसलं, की साध्या पाण्याची भरायची.

त्या दुपारी ताईची नळी आली. माझी सख्खी मोठी बहीण, वरच्या मजल्यावर ॲडमिट. तिचं रक्त रोज कमी होत होतं. जखम नाही, काही नाही. बाटल्या चढवूनही ताई पांढरीफटक. "असंच उतरत राहिलं तर आमच्या हातात काही नाही," असं डॉक्टर सकाळीच बोलले होते.

"आणि तुम्ही बघा!" शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "गाल कसे टोमॅटोसारखे! बायको माहेरी गेलीय वाटतं?"

"दृष्ट लागेल हो," म्हणत मी हसलो. पण तोंडात तीच चव होती... गंजक्या खिळ्याची. मला वाटायचं, माझ्या स्टीलच्या बाटलीची असेल. हल्ली तहानही भलतीच लागायची. बाटली भरली, की संपलीच.

नळाला पाणी नव्हतं. म्हणून समोरच्या नळीत माझ्या बाटलीतलंच ओतलं. अगदी नितळ. झाकण लावलं. यंत्र घुमू लागलं... आणि त्या घुमण्याच्या आत एक बारीक आवाज, कुणीतरी अधाशासारखं पीत असल्याचा. गट्... गट्...

थांबलं तसं झाकण उघडलं. कोमट भपकारा आला, कसायाच्या ओट्यावर येतो तसा. दोन्ही नळ्यांत तळाशी काळपट गोळा, वर पिवळं पाणी, त्यावर सायीसारखा बुळबुळीत तवंग. चिठ्ठी चिकटवलेली नसती तर ताईची कुठली आणि बाटलीतल्या पाण्याची कुठली, सांगता आलं नसतं. पाण्याच्या नळीत काडी घातली. गोळा काडीला धरून वर आला, गोगलगायीसारखा लोंबत... आणि माझ्या जिभेला दाताच्या फटीत तसलंच काहीतरी मऊ लागलं.

बेसिनमध्ये जे पडलं त्याचा रंग सांगत नाही. तुम्ही नुकते जेवलात. बाटली कचऱ्यात फेकली.

संध्याकाळी वर गेलो. दुपारपासून थेंब घेतला नव्हता. जीभ टाळ्याला चिकटलेली. ताईचे डोळे मिटलेले, पण ओठांवर चक्क रंग होता.

"आज बरं वाटतंय रे, थापाड्या."

"हो का... छान."

"दुपारपासून आतून कुणी ओढत नाहीये..." डोळे न उघडताच तिने चाचपडत उशाजवळचा पेला माझ्याकडे सरकवला. "पण तुला तहान लागलीय ना... घे. एखादा घोट चालेल मला."

पाणी नितळ होतं.

मी नाही प्यायलो. आईशप्पथ. ताई पहाटे गेली, तो भाग वेगळा. आणि हे गाल म्हणाल, तर ते आमच्या घराण्यातच आहेत.

अहो, तुम्ही असे पांढरे का पडलात? आणि तो पेला पिणार नसाल... तर द्या इकडे.