पाऊस कुठल्या कौन्सिलचा?

"अहो, त्या पुलाला हात लावायचा नाही!"

टॅम्सिन ऑकली नदीच्या अलीकडून ओरडली, आणि नेमक्या त्याच क्षणी वाऱ्याने तिची छत्री उलटी केली. पावसाची बारीक भुरभुर चालली होती. पुलाच्या मधोमध एक माणूस गुडघे टेकून फळीला खिळा ठोकत होता. त्याने मान वर केली, ओठांत धरलेले दोन खिळे हातात घेतले, आणि सावकाश विचारलं, "का हो? कुणाचा आहे पूल?"

"काउंटी कौन्सिलचा."

"मग कौन्सिलनं लावावा की हात! मी फोन केला तर म्हणाले, तालुका कौन्सिलला विचारा. तालुका म्हणतो, गाव कौन्सिलला विचारा. गाव कौन्सिलची चिटणीसबाई माझ्याकडेच चहाला येते. ती म्हणाली, नेड, तूच ठोक बाबा खिळा."

"पण उद्या कुणी पडलं तर जबाबदारी काउंटीवर येते..."

"बरंच ठाऊक आहे तुम्हाला. कौन्सिलमध्ये असता?"

"मीच कौन्सिल आहे," ती म्हणाली. म्हणायचं होतं वेगळंच, पण छत्रीशी झटापट करता करता तोंडून निघालं तेच.

"एकट्याच?"

"नाही... साठ जणांतली एक. मागच्या महिन्यात या भागातून निवडून आले."

"अस्सं! म्हणजे दारात टाकलेल्या पत्रकावरच्या बाई त्या तुम्हीच." तो उठला, जवळ आला, आणि तिच्या हातातून छत्री घेऊन एका झटक्यात सरळ करून दिली. "ओळखलं नाही. फोटोत तुम्ही कोरड्या होता."

ती हसली नाही. हसायचं नाही असं ठरवलंच होतं तिनं. पण पलीकडच्या काठावर, दगडी घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, आणि भाजलेल्या गोडसर स्कोन-पावांचा वास नदी ओलांडून सरळ तिच्यापर्यंत आला होता. मग ती पूल ओलांडून गेली. पाहणी करायला. असं तिनं स्वतःला सांगितलं.

ते घर नेड लार्कमचं. पुढच्या खोलीत त्याचं चहाचं दुकान. वेन नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे हा एकटा. मध्ये लाकडी पूल, माणसांपुरता. गावातले म्हातारे आणि पाठीवर पिशव्या टाकून डोंगर हिंडणारे त्या पुलावरून त्याच्याकडे यायचे. गाडीरस्ता होता, पण पार स्टॅनमोरवरून वळसा घालून.

महिन्यातून दोन गुरुवारी टॅम्सिनला गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकायला कुठेतरी बसावं लागे. गावच्या सभागृहाचं छप्पर गळत होतं. नेड म्हणाला, "माझं कोपऱ्यातलं टेबल घ्या. भाडं नको. चहा मात्र विकत घ्यायचा."

लोक यायचे. बहुतेक सगळे चुकीच्या कौन्सिलकडे. कुणाचा कचरा उचलला जात नव्हता, कुणाच्या शेजाऱ्यानं कुंपण उंच केलं होतं. टॅम्सिन प्रत्येकाला समजावून सांगायची, हे तालुक्याचं, हे काउंटीचं, हे गावाचं... आणि तिच्यापुढचा चहा निवत राहायचा. पण तिनं कप उचलला की तो गरमच असायचा. कितीतरी गुरुवारांनंतर तिच्या ध्यानात आलं, की बोलण्याच्या भरात आपला गार कप कुणीतरी गुपचूप उचलतं आणि तिथं वाफाळता ठेवतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो काउंटर पुसत होता. आधीच लख्ख असलेला काउंटर.

पुढच्या गुरुवारी दुकानाच्या दाराशी खडूची पाटी लागली होती. चहाच्या भावाखाली नेडनं लिहिलं होतं:

खड्डा असेल रस्त्याला, तर काउंटीला सांगावं,
कचरा राहिला दारात, तर तालुक्याशी भांडावं,
बाक मोडला नदीकाठी, गाव कौन्सिलला गाठावं,
पाऊस लागला झडीचा, तर कुणाच्या दारी जावं?

"हे काय?" तिनं विचारलं.

"तुझा घसा वाचावा म्हणून," तो म्हणाला. मग स्वतःच दचकला. 'तुमचा' म्हणायचं होतं त्याला.

"असू दे," ती म्हणाली. "'तुझा'च बरं वाटतं."

त्या संध्याकाळी गिऱ्हाईकं गेल्यावर तो तिच्या टेबलाशी येऊन बसला. बाहेर नदीवर धुकं उतरत होतं.

"खरं सांग, काउंटी एवढं करते तरी काय?"

"रस्ते, शाळा, शाळेच्या बसगाड्या. वाचनालयं. आगीचे बंब. म्हाताऱ्यांची देखभाल, आणि ज्यांना घर नाही अशी लेकरं. पैशांचा मोठा घास या दोघांनाच लागतो, आणि लागणारच. उरलेल्यात बाकी सगळं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, लग्नं—"

"लग्नंसुद्धा?"

"नोंदणी कचेरी आमचीच आहे."

"मग समितीची मंजुरी लागत असेल."

"लग्नाला नाही लागत."

"बरं आहे," नेड म्हणाला. "नाहीतर पुढच्या बैठकीवर ढकललं असतं."

दोघंही हसले. मग किटलीच तेवढी बोलत राहिली.

फेब्रुवारीत वेनला पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा पुलाचा मधला खांब तिरका झाला होता. काउंटीचे इंजिनियर आले, दोन्ही टोकांना लाल-पांढरे अडसर लावून गेले. महिन्याभरात त्यांचा अहवाल आला: पूल काढून टाकावा. दुरुस्ती परवडत नाही.

गावाकडून कुणी पलीकडे जाईना. दुकानातली टेबलं रिकामी पडली. तरी टॅम्सिन गुरुवारी यायची. स्टॅनमोरवरून, वळसा घालून.

"आज कुणाची तक्रार?" नेड विचारायचा.

"माझीच. स्कोनमध्ये मनुका कमी आहेत."

"हे कुठल्या कौन्सिलकडे येतं?"

"थेट मालकाकडे."

मग तो मूठभर मनुका बशीत आणून ठेवायचा. पण एका गुरुवारी मनुका ठेवता ठेवताच म्हणाला, "पूल गेला तर मी जाईन, टॅम्सिन. लीड्सला बहिणीची बेकरी आहे, तिला हात कमी पडतात. रिकाम्या टेबलांना किती दिवस चहा पाजू?"

"पूल जाणार नाही," ती म्हणाली. "रस्ते समितीत आम्ही नऊ जण. मी घरोघर फिरले, प्रत्येकाशी बोलले. पाच पुलाच्या बाजूला, चार विरुद्ध. पाचवी मी."

त्या दिवशी तिचा कप नेडनं दोनदा बदलला. पहिला निवलाच नव्हता.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती काउंटीच्या कायदा अधिकाऱ्याकडे गेली. गॉवरसाहेब, नाकावर घसरलेला चष्मा, आवाज सपाट.

"समजा," टॅम्सिन म्हणाली, "एखाद्या सभासदाचा... एखाद्या दुकानदाराशी परिचय आहे. आणि विषय त्याच्या दुकानाचा आहे."

"परिचय सगळ्यांशीच असतो. नियम जवळच्या माणसाबद्दल आहे. ज्याच्या बऱ्या-वाइटात आपलं मन अडकलेलं आहे, अशा माणसाचा विषय असेल तर सांगायचं आणि बाहेर जायचं. मत नाही."

"आणि जवळचा आहे की नाही, हे ठरवायचं कुणी?"

"सभासदानं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "मी फक्त विचारतो, बाई. उत्तर माझ्याकडे नसतं."

संध्याकाळी ती नदीवर गेली. अडसराच्या अलीकडे ती, पलीकडे नेड. मध्ये तिरका पूल. पाण्याच्या आवाजामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"नेड! उद्या विचारतील मला. तू कोण माझा, म्हणून."

"चहावाला म्हण."

"नुसता?"

"त्यानं पूल वाचतो ना?"

"वाचतो."

"मग... नुसता." तो हसला. पण हसणं नदीच्या निम्म्यापर्यंतच आलं.

रात्रभर तिनं हिशेब घातला. 'कुणी नाही' म्हटलं तर पूल राहतो, तो राहतो, गुरुवार राहतात. 'आहे' म्हटलं तर पाचाचे चार होतात, आणि बरोबरी झाली की निर्णय अध्यक्षबाईंच्या हाती. ऑड्री पिलबीम. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पूल देखणा आहे, पण देखण्या गोष्टी आपल्याला परवडत नाहीत." म्हणजे खरं बोललं तर तो जाणार, आणि तो राहायचा तर त्यालाच परका म्हणायचं. असलं कसलं कोडं! पण पहाटे केस विंचरताना तिला वाटलं, ज्याला भर सभेत परका म्हटलं, त्याच्या दुकानात गुरुवारी कुठल्या तोंडानं बसायचं?

काउंटी हॉलमध्ये बैठक सुरू झाली. लोकांच्या बाकांवर नेड बसला होता. इस्त्रीचा कोट, मांडीवर पिशवी. गावकऱ्यांना तीन-तीन मिनिटं बोलायची मुभा होती, आणि त्यानं नाव दिलं होतं.

"आजच्या विषयांत हितसंबंध कुणाचे आहेत?" गॉवरसाहेबांनी नेहमीच्या सुरात विचारलं. सवयीनं सगळ्यांच्या माना नकारार्थी हलल्या. पुढचा कागद उलटण्याची सळसळसुद्धा झाली.

टॅम्सिन उभी राहिली.

"माझे आहेत. वेन नदीचा पूल. पलीकडे चहाचं दुकान आहे, त्याचे मालक लार्कम... ते माझ्या जवळचे आहेत."

पिलबीमबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या भागात राहतात, म्हणून जवळचे?"

"नाही. नुसतेच जवळचे."

"बरं." बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना माहीत आहे का हे?"

"आत्ता कळलं असेल," टॅम्सिन म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. तिच्या शेजारी बसलेले म्हातारे बर्ट सोमर्स मात्र कपाळावर हात मारून पुटपुटले, "अगं पोरी, पाच होतो ना आपण!"

"तो विषय आला की तुम्हाला बाहेर जावं लागेल. मत देता येणार नाही. लक्षात आहे ना?"

"आहे, बाई."

नेडकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चालता आलं नसतं. पुलाचा विषय पुकारला तेव्हा ती उठली, बाहेर आली, आणि दार पाठीमागे बंद झालं.

व्हरांड्यात जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी होत्या, आणि एक चहाचं यंत्र. तिनं कागदी पेला भरून घेतला. एक घोट घेतला, आणि तसाच धरून बसली. आतून काही ऐकू येत नव्हतं. पेला निवत गेला.

कुणीतरी तिच्या हातातून तो काढून घेतला.

नेड होता. त्यानं पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि तिच्या हातात दिला. वाफ तिच्या पापण्यांना लागली.

"तू इथं काय करतोस? तुझी तीन मिनिटं..."

"नाव पुकारलं. उठलो. म्हटलं, मला ज्याच्याशी बोलायचंय ते माणूस बाहेर बसलंय."

"असं म्हणालास? पिलबीमबाईंना?"

"त्या म्हणाल्या, दार हळू लावा."

"आणि मत? काय झालं मताचं?"

"माहीत नाही," नेड म्हणाला. "थांबलोच नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याशेजारी बाकावर बसला. खांद्याला खांदा लागला, आणि कुणीच तो काढून घेतला नाही.

"चहावाला म्हण, म्हणून सांगितलं होतं मी."

"जमलं नाही."

"बरं झालं," तो हळूच म्हणाला. "रात्रभर मला तीच भीती वाटत होती. की तू ऐकशील माझं, आणि म्हणशील खरंच."

दार उघडलं. बर्ट सोमर्स बाहेर आले, कपाळाचा घाम पुसत.

"चार-चार. बाईंनी आपलं मत पूल काढायच्या बाजूनंच टाकलं होतं. मग बरोबरी झाली, निर्णायक मतही त्यांचंच. मी म्हटलं, संपलं. तर बाई म्हणतात, बरोबरी झाली तर अध्यक्षानं आहे ते आहे तसं ठेवायचं, ही इथली रीत आहे. माझं मत गेलं खड्ड्यात, रीत मोडणार नाही. पूल राहतोय."

"म्हणजे दुरुस्त होणार?" टॅम्सिननं विचारलं.

"छे! आहे तसा. पाडायचा नाही, उघडायचाही नाही. शरदात पुन्हा विषय येईल." ते जाता जाता वळले. "आणि तेव्हाही तू बाहेरच बसणार, पोरी. आम्हाला आणखी एक मत शोधावं लागेल."

ते गेले. टॅम्सिननं झाकणातला शेवटचा घोट घेतला. "तिरका, बंद पूल. रिकामी टेबलं. लीड्सला कधी निघतोस?"

"बहिणीला कळवतो, दुसरे हात शोध म्हणून."

"आणि खाशील काय?"

"चहाची गाडी लावीन. नदीच्या अलीकडे, गावच्या बाजूला. त्या बाकाशेजारी. बाक गाव कौन्सिलचा ना?"

"बाक गावाचा. गाडीची परवानगी तालुक्याची. आणि रस्त्याची कड काउंटीची."

"अरे देवा!" नेड म्हणाला. "आणि पाऊस आला तर?"

खिडकीबाहेर खरंच भुरभुर सुरू झाली होती. टॅम्सिननं त्याच्या कोटाची दुमडलेली बाही सरळ केली, जशी पहिल्या दिवशी त्यानं छत्री केली होती.

"तुझ्या पाटीला एक ओळ कमी आहे," ती म्हणाली.

"कुठली?"

"जीव जडला कुणावर..."

ओठांत खिळे धरावेत तसे शब्द धरून ठेवले त्यानं घटकाभर. मग म्हणाला—

"तर भरल्या सभेत सांगावं."