अडखळणारा पतंग

"तू मुद्दाम हरतेस. मी आजारी आहे ना, म्हणून. मला कुणाची कीव नकोय. रविवारीही असंच केलंस, तर मी पुन्हा तुझ्याशी खेळणार नाही."

अयाजचा निरोप ऐकून ऋजुताच्या डोळ्यांत पाणीच आलं. मुद्दाम? आणि ती? येवल्यातल्या निम्म्या गल्लीचे पतंग कापणारी पोरगी ती! पण अयाज कित्येक आठवडे नाशिकच्या रुग्णालयात, निर्जंतुक खोलीत होता (जिथे जंतूंना शिरकाव नसतो आणि मैत्रिणींनाही नसतो). डॉक्टर त्याच्या शरीरात निरोगी रक्त बनवणाऱ्या नव्या पेशी वाढवत होते. दोघांना भेटायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे 'वकाट' हा संगणकावरचा खेळ. पतंग कापला की येवल्यात जी आरोळी उठते, तेच त्याचं नाव. गच्च्यांवरचे वारामापक गावातला त्या क्षणीचा खरा वारा खेळात पाठवायचे आणि त्या वाऱ्यावर दोघांचे पतंग भिडायचे.

मात्र ऐन पेचात ऋजुताचा पतंग हवेत गोठायचा. चित्र पुन्हा हलेपर्यंत मांजा तुटलेला असायचा. तिकडे अयाजला वाटायचं, ही ढील देत नाही, खेचत नाही, नुसती उभी राहते.

"आजोबा, असं का होतं?" तिने विचारलं.

आजोबांनी उभं आयुष्य उपग्रहांचे कॅमेरे बनवण्यात घालवलं होतं. ऋजुताचा संगणकही त्यांनीच जोडून दिला होता. त्यातलं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग) तर बाजारातलं सगळ्यात मोठं! घरी कुणी आलं की चहाच्या आधी ते कार्ड दाखवायचे.

त्यांनी इंटरनेट तपासलं, ते ठणठणीत होतं. चित्रांचा बारकावा कमी करून पाहिला. पतंग तरीही अडखळलाच.

"मग आणखी एक कार्ड जोडू!" आजोबा म्हणाले. "आधी जेवण उरकू, मग बघतो त्याच्याकडे."

स्वयंपाकघरात झारा वाट बघत होता. झारा म्हणजे त्यांचा यंत्रमानव. पोळ्या भाजण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. लाटायचं काम मात्र आजोबांनी हट्टाने स्वतःकडे ठेवलं होतं. ते एकेक पोळी फिरवून, निरखून, पुन्हा कडेने लाटत बसायचे. झारा उलथनं उगारून नुसता उभा.

"फार वेळ लागतोय. दुसराही तवा ठेव रे," आजोबा म्हणाले.

"आजोबा, आहे तोच रिकामा तापतोय," झारा म्हणाला. "दुसरा कशाला?"

ऋजुता हातातलं ताट तसंच ठेवून संगणकाकडे धावली. खेळ सुरू करून तिने बाजूला कामाचा आलेख उघडला (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारं चित्र). ग्राफिक्स कार्ड जेमतेम काम करत होतं. प्रोसेसर (सगळी आकडेमोड करणारा संगणकाचा मेंदू) मात्र पार घायकुतीला आला होता. वारा कुठून आला, मांजा किती ताणला, पतंग किती कलला, हा हिशेब त्याचा. तो झाल्याशिवाय कार्डाने रंगवायचं तरी काय? कार्ड बिचारं रिकाम्या तव्यासारखं वाट बघत बसलं होतं.

कोडं सुटलं, पण ऋजुताचा चेहरा पडला. आजोबांना कसं सांगायचं? किती हौसेने आणलं होतं त्यांनी ते कार्ड!

आजोबा पिठाच्या हातांनी मागे येऊन उभे होते. त्यांनी वाकून आलेख निरखला.

"आजोबा, कार्ड खूप छान आहे हो," ती घाईघाईने म्हणाली.

"छान आहेच. चुकलो मी," आजोबा हसले. "उपग्रहावर कॅमेरा बसवताना मी सगळ्यांना बजावायचो, की फोटो खाली पाठवणारी यंत्रणा धीमी असेल, तर मोठा कॅमेरा काय कामाचा? आणि लाडक्या नातीसाठी घेताना सगळ्यात मोठा खोका उचलून आणला. चल, आता नीट निवडू."

मग दोघं बसले. खेळाला आकडेमोड जास्त लागते, म्हणून वेगवान प्रोसेसर. पण तो मदरबोर्डच्या (ज्या पाटीवर सगळे भाग जोडतात तिच्या) खाचेत बसायला हवा. पॉवर सप्लायला (भागांना वीज वाटून देणारी पेटी) सगळ्यांची भूक भागवता यायला हवी. आणि कार्ड? दुकानदाराने मोठं कार्ड परत घेतलं, त्याच्या बदल्यात मधलं कार्ड आणि नवा प्रोसेसर दिला. मोठ्या कार्डाचा निरोप घेताना आजोबांनी त्यावरची धूळ हळूच पुसली, ते ऋजुताने पाहिलं आणि त्यांना घट्ट मिठी मारली.

रविवारी वारा चांगलाच पिसाळला होता. पतंग भिडले. अयाजने खेचलं, ऋजुताने ढील दिली. पतंग एकदाही अडखळला नाही. मग तिने असा काही झटका दिला की अयाजचा पतंग गिरक्या घेत खाली गेला.

"वकाट!" ऋजुता ओरडली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. अयाजला वाईट तर वाटलं नसेल?

"हरलो!" अयाज किंचाळला. "सिस्टर, मी हरलो! खरंखुरं हरलो!"

परिचारिका धावत आली, तर हा पठ्ठ्या पलंगावर बसून टाळ्या पिटतोय.

ऋजुताने त्याला पोळ्यांपासून प्रोसेसरपर्यंत सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू कीव करत नव्हतीस?"

"तुझी? मुळीच नाही!"

"डॉक्टर म्हणतात, नव्या पेशी छान वाढतायत. संक्रांतीपर्यंत घरी सोडतील. मग गच्चीवर ये, तिथे बघतो तुला."

"तू ये तर," ऋजुता म्हणाली, "तिथेही कापते की नाही बघ!"