पुढच्या चाकाच्या आडोशाला

बुधवार उजाडला की रेझिस दुब्रुल चिकोरी घातलेल्या कॉफीचा मोठा वाडगा संपवायचा, सायकलची चाकं अंगठ्याने दाबून बघायचा आणि ओमेरला भेटायला निघायचा. ऊन असो, पाऊस असो, त्यात खंड नाही. ओमेर फ्लेरिन गावच्या वृद्धाश्रमात होता. तिकडे जायला हमरस्ता होता, पण हमरस्त्याने जाईल तो रेझिस कसला! तो ओढ्याकाठच्या आडवाटेने जायचा आणि मग चर्चमागचा चढ चढून पठारावर यायचा. त्या पठारावर सबंध सकाळभरात एखादा ट्रॅक्टर भेटला तर भेटला. दोन्ही बाजूंना बिटाची शेतं, मध्ये पाण्याची उंच टाकी, तिच्यापलीकडे पवनचक्क्या आणि समोरून येणारा वारा. आर्त्वा प्रांताच्या त्या भागात वाऱ्याला दुसरी दिशा ठाऊकच नाही असं तिथले सायकलवाले म्हणतात, दोन शिव्या घालतात आणि मान खाली घालून पुढे जातात.

एके काळी दर रविवारी त्यांच्या सायकल क्लबाची लांबलचक ओळ या पठारावरून जायची. रेझिस शाळेत विज्ञान शिकवायचा, ओमेर साखर कारखान्यात फिटर होता, कोणी पाववाला, कोणी पोस्टमन. ओळीत सगळे सारखेच. पहिल्याने वारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी चाकामागे चाक लावून त्याच्या आडोशाला राहायचं. पहिला दमला की तोंडाने काही बोलायचं नाही. त्या वाऱ्यात ऐकणार कोण? उजवं कोपर एकदा बाहेर झटकायचं, बस्स. मागच्याने पुढे यायचं, दमलेल्याने मागे सरकायचं. या खुणेला नाही म्हणायची सोय नव्हती. भांडण झालेलं असो, गुडघा ठणकत असो, आदल्या रात्री जरा जास्त झालेली असो; पुढच्याचं कोपर हललं की यायचं म्हणजे यायचं.

ओमेरच्या मागे जागा मिळावी म्हणून तर मारामारी व्हायची. पाठ ही अशी रुंद. क्लबात त्याला ‘कोठाराचं दार’ म्हणायचे. त्याच्या मागे वारा लागत नसे, पण पायांना तो कापराचं मलम चोपडून यायचा, त्यामुळे नाक झिणझिणायचं.

मग ओळ आखडत गेली. कोणाचे गुडघे गेले, कोणी लेकीकडे राहायला गेलं, कोणी चर्चमागे कायमचं आडवं झालं. शेवटी दोघंच उरले. रेझिसची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, ओमेरने लग्नाच्या फंदात पडायचंच टाळलं होतं. दोघं आलटून पालटून वारा घेत राहिले. गेल्या वसंतात ओमेरला झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. त्या दिवसापासून रेझिसच्या आयुष्यात बोलायला माणूस म्हणून कोणी राहिलं नाही. पठारावरून एकटं जाताना त्याला ते फार लागायचं. कधी कधी तो उगाचच मोठ्याने खोकायचा, नुसता आवाज व्हावा म्हणून.

ऑक्टोबरातली गोष्ट. वारा असा की सायकल जागची हलेना. पाण्याच्या टाकीपाशी रेझिसच्या मांड्या भरून आल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, काही कळायच्या आत, त्याचं उजवं कोपर बाहेर झटकलं गेलं.

त्याचं त्यालाच हसू आलं. ‘‘म्हातारा झालास मास्तर,’’ तो स्वतःशी म्हणाला.

आणि वारा थांबला.

आधी त्याला वाटलं, कुंपणाची झाडी असेल. झाडी नव्हती. पवनचक्क्यांची पाती गरागरा फिरत होती. बाजूच्या शेतातलं गवत आडवं झालं होतं. फक्त त्याच्या अंगाला वारा लागत नव्हता. गळ्यातल्या मफलरचं टोक सरळ खाली लोंबत होतं. सायकल हलकी झाली, पाय आपोआप फिरू लागले, आणि पुढून, अगदी जवळून, कापराचा वास आला.

फ्लेरिनच्या दारात सोलांज उभी होती. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं तीच बघायची. तोंडाने फटकळ, हाताने मायाळू.

‘‘अहो मास्तर, आज एवढ्या लवकर? मागे कुत्रं लागलं होतं की काय?’’

‘‘वारा पडला होता.’’

‘‘पडला होता? इथे सकाळपासून खिडक्या खडखडताहेत. बरं, आत जा, पण त्याला फार दमवू नका. आज काय झालं देव जाणे, सदरा पिळून काढावा इतका घाम आला होता.’’

ओमेर उशीला टेकून पडला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. चादरीखाली त्याचा चांगला पाय अजून मधूनच थरथरत होता. रेझिसला बघून त्याचा एक डोळा हसला.

रेझिस विज्ञानाचा मास्तर. एवढ्या-तेवढ्याने बिथरणारा नव्हे. पुढच्या बुधवारी वारा तसाच होता, पण त्याने कोपर अंगाशी घट्ट धरलं आणि रडतखडत, थांबत थांबत पठार पार केलं. ओमेर छान होता. सोलांज म्हणाली, वाडगाभर सूप प्यायला, वर कस्टर्डही चाटूनपुसून खाल्लं. त्याच्या पुढच्या बुधवारी रेझिसने पाण्याच्या टाकीपाशी कोपर मुद्दाम झटकलं. वारा थांबला. कापराचा वास आला. रस्त्यावरची ओली पानं त्याच्या पुढे एका बारीक रेषेत दाबली जात होती, एकामागून एक, आणि त्या रेषेवर काहीही नव्हतं.

खरं सांगायचं तर त्याला भीती नाही वाटली. त्याला रडू आलं. किती महिन्यांनी तो कोणाच्या तरी मागे होता. तो सबंध पठारभर बोलत राहिला: बिटाच्या भावाबद्दल, नव्या महापौराच्या मिशांबद्दल, पाववाल्याच्या सुनेबद्दल. पुढून उत्तर आलं नाही, पण ओमेर तसाही पुढे असताना कधी बोलायचा नाही.

फ्लेरिनला पोचला तेव्हा सोलांज हसली नाही.

‘‘डॉक्टर आत्ताच गेले. त्याचं हृदय अजून असं एकदा दमलं तर राहणार नाही म्हणाले. मला एक सांगा मास्तर, जो माणूस कूस बदलत नाही तो दमतो कशाने?’’

रेझिसने तिच्याकडे बघायचं टाळलं. खोलीत जाऊन तो खुर्चीवर बसला आणि ओमेरच्या कानाशी वाकला.

‘‘अरे गाढवा, मला काय ठाऊक तू खरंच येत होतास! आता यायचं नाही. ऐकतोयस? मी बोलावणारच नाही. तू इथे गप पडून राहायचं, मी येईन माझा माझा.’’

ओमेरने भिंतीकडे तोंड फिरवलं. राग आला की तो तसंच करायचा.

निघताना रेझिस सोलांजला म्हणाला, ‘‘मी थोडे दिवस येऊ नये, असं वाटतं.’’

‘‘अजिबात नाही हं! बुधवारी उशीर झाला तरी दाराकडे डोळे लावून बसतो तो. तुम्ही आला नाहीत तर जेवणार नाही.’’

रेझिसने गाडी कधीच विकली होती, आणि बुधवारी तिकडे बस नव्हती. राहता राहिली सायकल, आणि हमरस्त्याने गेलं तरी वारा तोच. कोपर हलवायचं नाही, एवढंच तर करायचं होतं. जगात त्याचं एकच माणूस उरलं होतं, आणि ते वाचवायला फक्त एक हात आवरायचा होता. एवढं जमणार नाही होय?

नोव्हेंबरात बिटं निघाली. ट्रॅक्टरांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणून ओतला आणि त्यावर पावसाची बारीक झड लागली. त्या बुधवारी चढ संपतो तिथेच वाऱ्याने रेझिसला अडवलं. त्याने दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवली, दात आवळले, आणि एकेक पायडल मारत तो पुढे सरकत राहिला. दम लागला, पण कोपर हललं नाही. टाकीपर्यंत नाही, टाकी मागे पडली तरी नाही.

तरीही वारा थांबला.

कापराचा वास आला.

‘‘ओमेर! मी नाही बोलावलं तुला! मागे जा!’’

पुढे चिखलात एक बारीक रेषा उमटत चालली होती.

‘‘अरे मरशील! निदान मागे तरी ये, मी घेतो वारा!’’

तो पायडलवर उभा राहिला आणि सगळा जीव एकवटून पुढे निघायला बघू लागला. तो जितका जोर करी तितकी रेषा पुढे पळे. ओमेरला मागे टाकणं त्याला तरुणपणीही कधी जमलं नव्हतं.

मग त्याने दोन्ही ब्रेक दाबले.

सायकल थांबली. रेषा पुढे गेली, थोड्या अंतरावर वाकडी झाली, आणि पाऊस तिच्यात साचू लागला. वारा परत आला तो थेट तोंडावर. रेझिसचे डोळे पाण्याने भरले.

‘‘जा घरी,’’ तो म्हणाला. ‘‘जा राजा, पडून राहा. येतोच मी.’’

तो सायकल हाताने ढकलत चालू लागला. सायकलवर बसलो नाही तर आडोसा लागणार नाही, आणि आडोसा लागला नाही तर ओमेर येणार नाही. त्याने असा हिशेब केला होता. बूट चिखलाने जड झाले. वाटेत माणूस भेटलं नाही. फ्लेरिनच्या चर्चचं टोक दिसलं तेव्हा दुपार कलली होती.

सोलांज दारात पावसात उभी होती, डोक्यावर काही न घेता. तिला बघताच त्याला कळलं.

‘‘किती उशीर केलात हो.’’

‘‘कधी?’’

‘‘झाला थोडा वेळ. सकाळी पुन्हा तसंच, घाम आणि धाप. मग एकदम धाप थांबली, आणि मान वळवून मागे बघायला लागला. मागे भिंत आहे हो, तिथे काय दिसणार? पण बघत राहिला. कोणी मागे राहिलं की माणूस बघतो ना, तसं. मी म्हटलं, येतील मास्तर, रस्त्यात चिखल आहे.’’

रेझिसने सायकल भिंतीला टेकवली.

‘‘बराच वेळ बघत होता. मग दमला बिचारा. आणि मास्तर, त्याचा तो उजवा हात, इतके महिने जो मेलेला होता, तो हलला. कोपर असं बाहेर झटकलं त्याने. एकदाच.’’

रेझिस खाली पायरीवर बसला. त्या वेळी मागे मी असायला हवं होतं. आयुष्यभर ज्याच्या आडोशाला राहिलो त्याने एकदा बोलावलं, आणि मी तिकडे पायी चाललो होतो. एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं.

‘‘पण पुढे त्रास झाला नाही हो,’’ सोलांज त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. ‘‘खरंच सांगते. कोपर झटकलं, आणि जरा वेळाने चेहरा असा निवांत झाला. श्वास हलका झाला. जणू कोणी ओझं काढून घेतलं. मग गेला.’’

ती त्याला आत घेऊन गेली. खोली उबदार आणि बंद होती. त्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतच नसत. ओमेर सरळ पडला होता, डोळे मिटलेले. पाठीखालची चादर पांढरीशुभ्र होती.

‘‘तोंड पुसायचं राहिलंय अजून,’’ सोलांज म्हणाली. ‘‘हे काय आणि कुठून उडालं, कळतच नाही मला.’’

ओमेरच्या कपाळावर, गालांवर, ओठांवर करड्या चिखलाचे बारीक शिंतोडे होते. ओळीत पहिला असतो त्याचं तोंड स्वच्छ राहतं. ते माखतं फक्त मागच्याचं, पुढे कोणाचं तरी चाक असेल तर.

सोलांजने फडकं भिजवून पिळलं आणि ओमेरच्या कपाळावरून फिरवलं. चिखल अजून ओला होता.