पारूचा शोध

चिंचमाळला समुद्र आला आणि गाव अडखळू लागलं.

चिंचमाळ हे संगणकावरच्या खेळातलं गाव. इचलकरंजीत, बंद पडलेल्या मागांच्या एका शेडच्या माडीवर चार-पाच माणसं ते घडवत होती आणि हजारो लोक घरबसल्या त्यात हिंडत होते. खेळ अजून पुरा झालेला नव्हता. भिंतींचं प्लास्टर ओलं असतानाच बिऱ्हाडं राहायला यावीत, तसे खेळणारे आधीच आत शिरले होते. अशा खेळाला त्या काळी ‘कच्ची आवृत्ती’ म्हणत. ही बिऱ्हाडं रोज नवं काहीतरी मागत आणि नवं मिळालं की खेळ मंद झाला म्हणून ओरडत. दोन्ही तक्रारी खऱ्याच असत.

त्या दोन तक्रारींच्या मधे मुक्ता काणेकर उभी होती. चिंचमाळच्या माणसांचा मेंदू तिने लिहिला होता. शेवटची पूर्ण सुट्टी कधी घेतली, ते तिला आठवत नव्हतं.

चौगुले धापा टाकत जिना चढून आले. माग विकून त्यांनी हा खेळ उभा केला होता.

“मॅडम, काटा अजून लालच?”

पडद्याच्या कोपऱ्यात अडखळमापक होता. दर क्षणाची आकडेमोड यंत्राला वेळेत जमली, तर काटा हिरव्यात राही. नाही जमली, तर तो लालात जाई आणि खेळणाऱ्याला चित्र थबकत थबकत दिसे.

“समुद्र हवा म्हणून तुम्हीच मागे लागलात.”

“मी न्हाई ओ, लोक लागले. आणि त्यापायी ती भांडखोर बाई कमी केली की तुम्ही!”

“पारू. हो, केली.”

पारू म्हणजे चिंचमाळातल्या म्हाताऱ्या गोदाक्काची धाकटी जाऊ. दोघी सकाळी विहिरीवर कडाकडा भांडत आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवत. समुद्र आणण्याच्या आदल्या दिवशी मुक्ता पाहुणीच्या रूपात गावात फिरली होती, कोणाला काढलं तर चालेल ते बघायला. एक माणूस कमी म्हणजे तेवढी आकडेमोड कमी, असा तिचा साधा हिशेब होता.

“मग लाल कशापायी? जरा इस्कटून सांगा की.”

मुक्ताने त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. “घरात किल्ली हरवली तर काय करता?”

“खिसा बघतो, खुंटी बघतो, मग बायकोला वरडतो.”

मुक्ता कितीतरी दिवसांनी हसली. “आणि सापडली की थांबता. पण किल्ली घरात नाहीच, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर?”

“सगळं घर उपसणार.”

“गोदाक्का तेच करतेय. आपण सगळं गाव लहान लहान चौकोनांत आखलंय. कोणाला शोधायचं तर आधी जवळचे चौकोन तपासायचे, मग लांबचे. असलेलं माणूस चटकन सापडतं. नसलेल्यासाठी शेवटच्या चौकोनापर्यंत जावं लागतं. त्यात आपण माणसांना आठवण दिलीय. तिला पारू आठवते. ती सगळं गाव शोधते, सगळा समुद्र शोधते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.”

तिने पडद्याकडे बोट केलं. गोदाक्का ताटासमोर बसली होती. तिच्या पायापासून पिवळ्या रेषा चहूकडे पसरत होत्या आणि डोक्यावर शोधाचं नाव होतं : पारू.

चौगुले पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, “आठवण काढून घ्या.”

“लोकांना तीच सगळ्यात आवडलीय.”

“मग पारूला परत आणा.”

“तर समुद्र काढावा लागेल.”

“नको! लोक आपल्यालाच बुडवतील. सांगून टाका की म्हातारीला, पारू गेली म्हणून. आमची आई वारली तेव्हा आबा दाराकडं बघत बसायचे. हळूहळू थांबले.”

“कसं सांगणार? खेळ मुलांचा, म्हणून आपण त्यात मरण घातलंच नाही. चिंचमाळात ‘गेली’ म्हणजे दुसरीकडे गेली.”

“मग घाला.”

मुक्ताने कळफलक पुढे ओढला. प्रत्येक नवी सोय ओझं वाढवते, हेच ती आजवर शिकली होती. ओझं उतरवणारी ही पहिलीच.

काम थोडंच होतं. माणूस कायमचं नाहीसं होऊ शकतं आणि मग त्याला शोधायचं थांबवावं, एवढं गावाला शिकवायचं. तिने शिकवलं. गोदाक्काच्या रेषा एकेक करून विझल्या. काटा हिरव्यात आला.

खेळ सुतासारखा चालतोय, असं लोकांनी कौतुकाने कळवलं. मग कुरकुर सुरू झाली : विहिरीवर आता कोणी भांडत नाही, सगळे एकमेकांशी फार जपून बोलतात.

“बाजार भरवू, म्हणजे रंगत येईल,” चौगुले म्हणाले. “एखादं माणूस कमी करावं लागलं तर करा. आता त्यांना समजतंय की.”

मुक्ता पुन्हा पाहुणी होऊन चिंचमाळात शिरली. तिला पाहताच ओट्यावरच्या बायकांनी आपापली माणसं घरात बोलावून घेतली. विहिरीवर गोदाक्का एकटी उभी होती. तिच्या डोक्यावर नवं नाव उमटलं : नेणारं माणूस.

पिवळ्या रेषा निघाल्या, देवळाकडे, चिंचेकडे, समुद्राकडे. मुक्ताने धास्तावून काट्याकडे पाहिलं. तो हिरवाच होता. रेषा पुसल्या गेल्या, एकच उरली. ती मुक्ताच्या पायाशी येऊन थांबली होती.

“या बाई, बसा,” गोदाक्का म्हणाली. “मागं तुम्ही येऊन गेलात आणि आमची पारू गेली. आज कोणासाठी आलात?”